मुंबई पाहायला येणाऱ्या कुटुंबासाठी ठाणे-नवी मुंबईत परवडणारे हॉटेल कसे शोधावे?

नौपाडा_निवासी

नमस्कार. नाताळच्या सुट्टीत माझे दीर, जाऊबाई, त्यांची १३ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि माझे सासू-सासरे असे सहा जण अकोल्याहून मुंबई पाहायला येत आहेत. विदर्भ एक्स्प्रेसने ते पहाटे ठाण्याला उतरतील आणि चार रात्री राहतील. आमचे घर नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि सासऱ्यांच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. त्यामुळे त्यांची सोय हॉटेलात करावी असे घरात सर्वांच्या संमतीने ठरले आहे. दोन खोल्यांचे मिळून एका रात्रीला सगळे कर धरून पाच-साडेपाच हजारांच्या आत बसावे, असा आमचा विचार आहे.

मी काही दिवसांपासून वेगवेगळ्या संकेतस्थळांवर पाहते आहे. एकाच हॉटेलचा दर सकाळी एक दिसतो, रात्री दुसरा, आणि पैसे भरण्याच्या पानावर पोहोचले की त्यात आणखी काही रक्कम मिळवलेली असते. ठाणे बरे, नवी मुंबई बरी, की खर्च थोडा वाढला तरी सरळ मुंबईत राहणे बरे? संकेतस्थळावरून आरक्षण करावे की हॉटेलला थेट विचारावे? आणि मुलांसाठी वेगळे पैसे घेतात का? ज्यांनी आपल्या पाहुण्यांची अशी सोय केली असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वाशी_सेक्टर१७

ताई, नवी मुंबईचा विचार अवश्य करा. ऐरोली, महापे, तुर्भे या औद्योगिक पट्ट्यातली आणि बेलापूरमधली बरीच हॉटेले मुख्यतः कंपन्यांच्या कामासाठी येणाऱ्या लोकांवर चालतात. सोमवार ते गुरुवार तिथे वर्दळ असते आणि शुक्रवारी संध्याकाळपासून खोल्या रिकाम्या होऊ लागतात. लोणावळा, अलिबाग, महाबळेश्वर यांसारख्या ठिकाणी याच्या नेमके उलट असते, शनिवार-रविवारी दर चढतात. पर्यटनस्थळांच्या सवयीमुळे आपण गृहीत धरतो की सुट्टीचे दिवस महागच असणार, पण इथे तसे नसते. म्हणून चार रात्रींचा एकत्रित दर पाहू नका. प्रत्येक रात्रीचा दर वेगळा काढून पाहा आणि तुमच्या चार रात्रींत शनिवार-रविवार येतात का ते तपासा.

दुसरे म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून धनुर्मास सुरू होतो, त्या काळात लग्नाचे मुहूर्त कमी असतात. तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यांत वऱ्हाडासाठी अख्खे मजले आरक्षित झालेले असतात, तशी स्थिती तुमच्या तारखांना सहसा नसेल.

मुलुंड_चेकनाका

वरील मुद्दा योग्य आहे, पण नकाशा नीट पाहिल्याशिवाय नवी मुंबईत खोली घेऊ नका. संकेतस्थळावर "मुंबईपासून इतके किलोमीटर" असे लिहिलेले अंतर बहुधा सरळ रेषेत मोजलेले असते. महाप्यातले हॉटेल सरळ रेषेत विक्रोळीच्या अगदी जवळ दिसते, परंतु मध्ये ठाण्याची खाडी आहे आणि ती ओलांडायला ऐरोलीचा पूल, वाशीचा पूल किंवा थेट दक्षिणेकडचा अटल सेतू, असे मोजकेच मार्ग आहेत. शिवाय संकेतस्थळे "नवी मुंबई" या नावाखाली कळंबोली आणि तळोजासुद्धा दाखवतात, आणि "ठाणे" या नावाखाली घोडबंदर रस्त्याचे दुसरे टोक, काशेली, कधी कधी भिवंडी. घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीच्या पुढे राहणाऱ्या पाहुण्यांना ठाणे स्थानकावर पोहोचायलाच संध्याकाळच्या वेळी तासभर लागू शकतो. हॉटेलपासून स्थानकापर्यंतचा प्रत्यक्ष रस्ता, गर्दीच्या वेळेस लागणाऱ्या मिनिटांत, नकाशावर काढून पाहावा आणि मगच दराकडे वळावे.

कोपरी_पूर्व

सहा माणसांच्या हिशोबात खरा फरक कशाने पडतो ते सांगतो.

बहुतेक हॉटेलांत एका खोलीत दोन प्रौढ आणि वर एक जादा गादी, म्हणजे जास्तीत जास्त तीन प्रौढ, असा नियम असतो. मुलांच्या वयाची मर्यादा प्रत्येक हॉटेल स्वतः ठरवते. पाच वर्षांखालच्या मुलाचे वेगळ्या गादीविना पैसे न घेण्याची पद्धत बरीच रूढ आहे, सहा ते बारा या वयासाठी कुठे घेतात, कुठे घेत नाहीत, आणि बारा पूर्ण झालेल्या मुलाला बहुतेक ठिकाणी प्रौढच धरतात. म्हणजे तुमची पुतणी प्रौढ धरली जाईल. संकेतस्थळावर शोधताना मुलांची वये खरी भरा. दर कमी दिसावा म्हणून "दोन प्रौढ" एवढेच भरले, तर हॉटेलात पोहोचल्यावर काउंटरवर जादा गादीचे पैसे मागतात, आणि तो दर आधी ठरलेला नसल्यामुळे तेव्हा घासाघीस करायला आपल्या हाती काही राहत नाही.

कराचे सांगायचे तर २२ सप्टेंबर २०२५ पासून एका दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला आहे, तो पूर्वी १२ टक्के होता. ७,५०० च्या वर १८ टक्के लागतो. समजा, एक खोली २,४०० रुपयांना मिळाली तर दोन खोल्यांचे ४,८०० आणि त्यावर २४० कर, असे ५,०४० होतात. जुन्या दराने याच खोल्यांवर ५७६ रुपये कर लागला असता. तुम्हाला कोणी तोंडी दर सांगितला, तर तो करासह आहे की कराविना, हे लगेच विचारा.

ढोकाळी_नाका

वाचनखूण साठवली आहे. फेब्रुवारीत आमच्याकडेही नांदेडहून मंडळी येणार आहेत.

गोखले_रोडवरून

नौपाडा ताई, तुमच्याजवळ एक सोय आहे जी बाहेरगावच्या माणसाला नसते. तुम्ही ठाण्यातच राहता. स्थानकाच्या पश्चिमेला, गोखले रस्त्याच्या आसपास आणि तीन हात नाक्यापर्यंत जी हॉटेले तुम्हाला संकेतस्थळावर बरी वाटतात, ती एखाद्या संध्याकाळी चालत जाऊन पाहून या. खोली दाखवा म्हणावे, कोणीही नाही म्हणत नाही. सासऱ्यांच्या दृष्टीने लिफ्ट थेट रस्त्याच्या पातळीवरून सुरू होते की आधी पाच-सहा पायऱ्या आहेत, संडास पाश्चात्त्य पद्धतीचा आहे का, न्हाणीघरात धरायला आधार आहे का, फरशी घसरडी आहे का, या गोष्टी छायाचित्रांत कधीच दिसत नाहीत. खोलीची खिडकी कुठे उघडते तेही पाहा. काही खोल्यांच्या खिडक्या आतल्या चौकाच्या भिंतीकडे उघडतात आणि तिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. खाली परमिट रूम असेल, तर रात्री साडेदहाच्या सुमारास एकदा त्या बाजूने जाऊन आवाज किती येतो ते ऐका.

आणि हे सगळे पाहताना तिथल्या व्यवस्थापकाशी दोन शब्द बोला. चार रात्री, दोन खोल्या, ज्येष्ठ नागरिक असलेले कुटुंब, हे ऐकून तो संकेतस्थळावरच्या दरापेक्षा काहीतरी कमी करण्याची शक्यता चांगली असते.

खारघर_डोंगराकडे

थेट विचारण्याच्या बाजूने मीही आहे आणि त्यामागचे कारण सांगतो. संकेतस्थळावरून आलेल्या प्रत्येक आरक्षणामागे हॉटेलला त्या संकेतस्थळाला दलाली द्यावी लागते. पूर्वी काही करारांत अशी अट असे की हॉटेलने इतरत्र कुठेही याहून कमी दर द्यायचा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला सुमारे २२३ कोटी आणि ओयोला सुमारे १६९ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्या आदेशात मेकमायट्रिप-गोआयबिबोला हॉटेलांबरोबरच्या करारांतून दर-समानतेची ही अट काढायला सांगितले होते. तेव्हा संकेतस्थळावरचा दर हाच शेवटचा दर, असे मानण्याचे कारण नाही. रोख दर कमी करायला हॉटेल तयार नसेल, तर त्याच दरात न्याहारी, जादा गादी किंवा लवकर खोली ताब्यात देणे यांपैकी काय देता येईल, असे विचारा. रोखीची सूट देण्यापेक्षा अशा गोष्टी देणे त्यांना सोपे जाते, आणि सहा माणसांची चार दिवसांची न्याहारी ही काही छोटी रक्कम नाही.

ऐरोली_सेक्टर८

मी याच्याशी पूर्णपणे सहमत नाही. माझ्या मेहुण्याच्या कुटुंबासाठी मी थेट दूरध्वनी केला होता, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने जो दर सांगितला त्याहून संकेतस्थळावरचा दर बँकेच्या कार्डाच्या सवलतीसह बराच कमी होता. ती सवलत हॉटेल देतच नाही, बँक आणि संकेतस्थळ मिळून देतात, त्यामुळे हॉटेलला कितीही विनंती केली तरी ती मिळणार नाही. शिवाय संकेतस्थळावरून घेतलेल्या खोलीची रद्द करण्याची अट लेखी असते. थेट ठरवलेल्या गोष्टी बहुधा तोंडी असतात आणि ज्याच्याशी बोललो तो माणूस त्या दिवशी कामावर नसला, तर पुन्हा पहिल्यापासून बोलावे लागते.

खारघर_डोंगराकडे

ऐरोली, तुमचा लेखी अटींचा मुद्दा रास्त आहे. म्हणून थेट ठरवले तरी दर, कर, न्याहारी, गाद्या आणि येण्याची वेळ या सगळ्यांचा संदेश हॉटेलकडून व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यावा. दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडून पाहणे सर्वांत चांगले.

कळवा_पूल

एक कळकळीची सूचना. हॉटेलचा क्रमांक गुगलवर शोधून पहिल्याच क्रमांकावर आगाऊ रक्कम पाठवू नका. प्रसिद्ध हॉटेलांच्या, भक्तनिवासांच्या नावाने खोटे क्रमांक टाकून यूपीआयवर पैसे उकळण्याचे प्रकार सर्रास होतात. नौपाडा ताईंना तर प्रत्यक्ष जाऊन काउंटरवर पावती घेऊन पैसे भरता येतील, त्यांनी तसेच करावे. बाहेरगावी आरक्षण करणाऱ्यांनी क्रमांक हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर मदतक्रमांकावर कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते.

घणसोली_गाव

अवांतर वाटेल, पण मनापासून विचारते. सासू-सासरे आपल्याच गावात येऊन हॉटेलात राहणार, हे त्यांना खरोखर चालणार आहे ना? आमच्याकडे असे झाले असते तर वर्षभर बोलणे ऐकावे लागले असते.

चरई_तलाव

घणसोली ताई, मानाचा प्रश्न मला समजतो. परंतु तीन मजले चढून गेल्यावर वडीलधारी माणसे चार दिवस खाली उतरायलाच धजत नाहीत आणि मुंबई पाहायची राहून जाते. आदर ठेवायचा तर त्यांना सोयीचे होईल असे करावे. जेवण मात्र घरचे असावे. रात्रीचा डबा हॉटेलवर नेता येतो, फक्त बाहेरचे जेवण खोलीत आणू देतात का, हे आधी विचारून घ्यावे, काही हॉटेले देत नाहीत. आणखी एक सुचवते. दोन्ही मुलांना काकूच्या घरी झोपायला आणा. मुलांना जिन्याचे काही वाटत नाही, चुलत भावंडांबरोबर ती आनंदाने राहतील, आणि हॉटेलात फक्त चार प्रौढ उरतील. दोन खोल्या, जादा गादी नाही, मुलांच्या वयाचा वाद नाही.

नौपाडा_निवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घणसोली ताई, हॉटेलचा आग्रह सासऱ्यांनीच धरला आहे, त्यामुळे त्या बाजूने काळजी नाही. चरई ताई, मुलांना आमच्याकडे झोपवण्याची कल्पना जाऊबाईंना फार आवडली. आता एक अडचण उरते. गाडी पहाटे सहाच्या आधी ठाण्याला येते आणि बहुतेक हॉटेलांत दुपारी बारा किंवा दोनला खोली देतात. रात्रभरच्या प्रवासानंतर म्हाताऱ्या माणसांनी तोपर्यंत कुठे बसायचे?

कोपरी_पूर्व

याला तीन मार्ग आहेत. एक, चोवीस तासांच्या हिशोबाने खोली देणारी हॉटेले असतात, म्हणजे सकाळी सहाला घेतली तर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत आपली. स्थानकाजवळच्या जुन्या लॉजमध्ये ही पद्धत अजून आढळते, पण जातानाही पहाटेच खोली सोडावी लागेल हे लक्षात ठेवा. दोन, आदल्या रात्री खोली रिकामी असेल तर सकाळी लवकर देऊ, असे हॉटेल म्हणते, परंतु तो शब्द त्या रात्रीच्या गर्दीवर अवलंबून असतो. तीन, एकाच खोलीचे आदल्या रात्रीपासूनचे पैसे भरा. दोन्ही खोल्यांचे भरण्याची गरज नाही. सासू-सासरे त्या खोलीत आडवे होतील, बाकीचे तिथेच अंघोळी उरकून तुमच्याकडे चहाला येतील, आणि दुपारी दुसरी खोली मिळेल.

दादर_ते_ठाणे

मी मुळात या सगळ्या चर्चेच्या दिशेलाच थोडा विरोध करू इच्छितो. ठाण्यातली खोली स्वस्त आहे म्हणून स्वस्त पडते, हे मला पटत नाही. मुंबई पाहायची म्हणजे गेटवे, संग्रहालय, मरीन ड्राइव्ह, सिद्धिविनायक, राणीची बाग, घारापुरी. यांतले बहुतेक सगळे दक्षिण आणि मध्य मुंबईत आहे. ठाण्याहून सीएसएमटीला जलद लोकलने पाऊण-एक तास, त्यात हॉटेल ते स्थानक आणि स्थानकावरचे पूल धरले, तर येण्या-जाण्यात रोजचे तीन तास जातात. सकाळी आठ ते साडेदहा या वेळात सासऱ्यांना घेऊन जलद लोकलमध्ये चढणे शक्य नाही, म्हणजे अकरानंतरच निघायचे. परत येताना संध्याकाळी पाच ते साडेआठ पुन्हा तीच गर्दी. मग शहर पाहायला उरले किती तास? कंटाळून एके दिवशी टॅक्सी केली, की त्या भाड्यात वाचवलेला सगळा फरक निघून जातो.

माझे मत असे की चार रात्री दोन ठिकाणी वाटा. शनिवार-रविवारच्या दोन रात्री ठाण्यात, तुमच्या सहवासात. पुढच्या दोन रात्री दादर किंवा सीएसएमटीच्या परिसरात. तिथे खोली लहान असेल, दर अधिक असेल, परंतु दुपारी दोन तास येऊन पडता येते, आणि वृद्ध व लहान मुले दोघांनाही त्याचीच गरज असते. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर सुरू झाली आहे. सीएसएमटीजवळ राहिले तर सिद्धिविनायक आणि वरळीचे सायन्स सेंटर तिच्यावर आहेत आणि तिथे लिफ्ट व सरकते जिने आहेत. दिवस ठरवताना घारापुरी सोमवारी आणि राणीची बाग बुधवारी बंद असते हे मात्र पाहा, नाहीतर मुंबईतल्या महाग रात्री वाया जातील.

चरई_तलाव

दादर, तुमचा वेळेचा हिशोब बरोबर आहे, पण सामान बांधून मध्येच जागा बदलणे वडीलधाऱ्यांना फार जड जाते. औषधांच्या पिशव्या, अंथरुणाची सवय, नव्या न्हाणीघराची भीती, हे सगळे पुन्हा पहिल्यापासून. आणि नाताळ ते नववर्ष या आठवड्यात कुलाबा-फोर्ट भागात दर बरेच चढतात.

दादर_ते_ठाणे

मान्य आहे. मग निदान घारापुरीच्या दिवशी तरी लवकर निघता येईल असे पाहा. ठाण्याहूनच सुटणारी धीमी लोकल पकडली तर सर्वांना बसायला जागा मिळते, वेळ थोडा अधिक लागतो एवढेच. उपनगरी रेल्वेचे १, ३ आणि ५ दिवसांचे पर्यटक तिकीटही मिळते, त्यामुळे रोज रांगेत उभे राहावे लागत नाही.

वाशी_सेक्टर१७

ठाणे आणि वाशी यांत निवड करायची झाली तर एका बाबतीत मला ठाण्याच्या बाजूने बोलावे लागेल. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल सेवा काही तास अडवणे, असतो. मुख्य मार्गावर ठाणे ते सीएसएमटी किमान चार मार्गिका आहेत, त्यामुळे ब्लॉकच्या काळात जलद गाड्या धीम्या मार्गावरून वळवतात, उशीर होतो पण गाडी मिळते. वाशी-बेलापूरला जाणाऱ्या हार्बर मार्गावर दोनच मार्गिका असल्याने ब्लॉक असलेल्या टप्प्यात दुपारी चारपर्यंत सेवाच बंद ठेवतात. पाहुणे वाशी-बेलापूरला राहणार असतील आणि रविवारी मुंबईत जायचे असेल, तर त्या आठवड्याचा ब्लॉक कुठे आहे हे वाचून मगच ठरवा.

नेरूळ_पश्चिम

नवी मुंबईसाठी आणखी एक गोष्ट पाहावी लागते. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सामना किंवा मोठा कार्यक्रम असला, की वाशीपासून पनवेलपर्यंत खोल्या मिळत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या कार्यक्रमांच्या वेळी दर किती वर गेले होते ते आम्ही इथे राहून पाहिले आहे. तारीख नक्की करण्यापूर्वी स्टेडियमचे आणि वाशीतल्या सिडको प्रदर्शन केंद्राचे वेळापत्रक पाहावे. खारघरमध्ये टाटा स्मारक केंद्राचे अॅक्ट्रेक रुग्णालय आहे, तिथल्या आसपासच्या स्वस्त खोल्यांत परगावाहून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. दुसरीकडे सोय होत असेल, तर सहलीसाठी त्या खोल्या अडवू नयेत असे मला वाटते.

कोपरखैरणे_१५

वाशी स्थानकाजवळ आसाम भवन, केरळ हाऊस अशी वेगवेगळ्या राज्यांची अतिथीगृहे आहेत. तिथे आपल्याला खोली मिळते का?

वाशी_सेक्टर१७

तिथे प्राधान्य त्या त्या राज्याच्या लोकांना, विशेषतः उपचारासाठी आलेल्यांना आणि शासकीय कामासाठी आलेल्यांना असते. त्यावर विसंबून सहल ठरवू नये. त्याऐवजी घरात कोणी बँकेत किंवा सरकारी उपक्रमात नोकरीला असेल, तर त्यांच्या कार्यालयाचे हॉलिडे होम मुंबईत आहे का ते विचारावे, निवृत्त कर्मचाऱ्यांनाही बऱ्याच ठिकाणी सवलत असते. राज्याच्या पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदलेली घरेही पाहण्यासारखी आहेत. नुसती भाड्याने मिळणारी सदनिका घेणार असाल, तर सोसायटीची परवानगी आहे का हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. रात्री सामानासह फाटकावर अडवले जाण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

माजिवडा_नाका

अभिप्राय वाचताना सरासरी गुणांवर जाऊ नका. सर्वांत अलीकडचे अभिप्राय आधी लावा आणि त्यांतले दोन-तीन तारे दिलेले वाचा. पाच तारे देणारा "छान" एवढेच लिहितो आणि एक तारा देणारा रागाने लिहितो. मधले लोक गरम पाणी किती वाजेपर्यंत येते, लिफ्ट किती वेळा बंद असते, चादरी मागितल्याशिवाय बदलतात का, हे नीट सांगतात. तसेच "कुटुंबासह" राहिलेल्यांचे अभिप्राय वेगळे काढून वाचता येतात.

पैसे भरताना "या दराने फक्त एक खोली शिल्लक", "आत्ता बारा जण पाहत आहेत" अशा ओळी दिसल्या तर घाई करू नका. खोटी निकड दाखवणे, न विचारता विमा किंवा देणगी यादीत टाकणे, शेवटच्या पानावर नवे शुल्क उघड करणे, या गोष्टींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मनाई केली आहे. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर करता येते. हॉटेलातल्या जेवणाच्या बिलात सेवाशुल्क आपोआप लावलेले असेल, तर ते काढायला सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ही बाजू उचलून धरली.

कोपरी_पूर्व

रेल्वे तिकिटाशी जोडलेली एक गोष्ट सांगायची राहिली होती. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. तिकीट काढले त्याच दिवशी विनाशुल्क रद्द करता येईल अशी खोली घेऊन ठेवावी, आणि जाण्याच्या आठवडाभर आधी त्याच हॉटेलचा दर पुन्हा पाहावा. कमी झाला असेल तर नवी घेऊन जुनी रद्द करावी. तिकीट प्रतीक्षायादीत असताना परतावा नसलेली खोली कधीही घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त दिसो. रद्द करण्याची मुदत "आदल्या दिवशी" असते की "चोवीस तास आधी", हे तास-मिनिटांसह वाचून ठेवा.

नौपाडा_निवासी

पुन्हा लिहिते आहे, कारण निर्णय झाला आहे आणि तो इतरांच्याही उपयोगी पडेल.

गोखले रस्त्यावरच्या सभासदांनी सांगितल्याप्रमाणे मी आणि यजमान स्थानकाच्या पश्चिमेची हॉटेले स्वतः पाहून आलो. संकेतस्थळावर सर्वांत आकर्षक दिसणाऱ्या हॉटेलला रस्त्यापासून सात पायऱ्या निघाल्या आणि कठडा नव्हता, म्हणून ते सोडले. त्याच रस्त्यावरच्या एका साध्या हॉटेलात लिफ्ट रस्त्याच्या पातळीवर आहे, न्हाणीघर कोरडे आणि उजेडाचे आहे. त्यांचा संकेतस्थळावरचा दर २,६०० होता. चार रात्री आणि दोन खोल्या म्हटल्यावर व्यवस्थापकांनी २,४०० केला आणि चौघांची न्याहारी त्यातच धरली. कर धरून एका रात्रीचे ५,०४० होतात. पहिल्या पहाटेसाठी एका खोलीचे आदल्या रात्रीचे पैसे अर्ध्या दराने घेण्याचे त्यांनी मान्य केले. हे सगळे त्यांच्याकडून व्हॉट्सअॅपवर लिहून घेतले आणि आगाऊ रकमेची पावतीही घेतली. मुले आमच्याकडे झोपतील.

दादर, तुमचे म्हणणे मी दिरांना वाचून दाखवले. सासूबाईंनी जागा बदलायला नकार दिला, पण घारापुरीच्या दिवशी सकाळी लवकर ठाणे लोकलने बसून जायचे आणि उरलेल्या दिवशी अकरानंतर निघायचे, असे ठरवले आहे. दिरांचा एक प्रश्न आहे. आरक्षण मी केले आहे, तर ओळखपत्र कोणाचे लागेल?

गोखले_रोडवरून

राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाचे लागेल, म्हणून आरक्षण दिरांच्या नावावर करून घ्या. काही हॉटेले त्याच शहराचा पत्ता असलेले ओळखपत्र स्वीकारत नाहीत, तेव्हा तुमच्या नावावर असेल तर विनाकारण प्रश्न उभा राहील. आधारची प्रत द्यायची झाल्यास शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार आधीच उतरवून ठेवायला सांगा.

दादर_ते_ठाणे

निर्णय चांगला झाला. आता परतीच्या दिवसाचेही ठरवून टाका. दुपारी खोली सोडल्यावर संध्याकाळच्या गाडीपर्यंत सामान त्याच हॉटेलात काउंटरमागे ठेवू देतात का ते विचारा, आणि देत असतील तर परतीची गाडीही ठाण्याहूनच पकडा. शेवटची दुपार मुंबईत घालवून सीएसएमटीहून बसायचे असेल, तर तिथल्या सामानगृहात बॅगा ठेवता येतात. त्यासाठी प्रत्येक बॅगेला कुलूप हवे आणि प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते. अकोल्याहून निघतानाच कुलपे घेऊन यायला सांगा.